भिंतीच्या कोपऱ्यातलं नाव

आमच्या यांना गावात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे 'रेघ' म्हणतात. पट्टी न लावता हे भिंतीवर अशी रेघ ओढतात, की गवंड्याने पाण्याची नळी लावून सपाटी बघावी, तरी केसाचा फरक सापडायचा नाही. तीस वर्षं पाट्या लिहिण्याचा धंदा. धंद्याचं नावही 'रेघ आर्ट्स'. आर्ट्स म्हणजे काय, तर आमची मागची खोली, दोन शिड्या, रंगाचे वाळलेले डबे आणि टर्पेंटाइनचा वास. यांचे शर्ट मी कधी घरच्या कपड्यांत भिजवले नाहीत. एकदा भिजवले होते, तर महिनाभर माझ्या ब्लाउजला दुकानाचा वास येत होता.

आणि एक खोड. काम झालं की उजव्या कोपऱ्यात, बोटभर अक्षरांत, 'रेघ आर्ट्स' आणि त्याखाली फोन नंबर. पाट्या लिहिणारे बहुतेक सगळेच असं करतात, तीच त्यांची जाहिरात. पण यांनी आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरही नाव टाकलंय. मी म्हटलं, "अहो, टाकीवर कोण बघायला येणार आहे?" तर म्हणाले, "साफ करायला येईल तो."

फोन नंबर मात्र माझा. यांचे हात दिवसभर रंगात, मग उचलणार कोण? अनोळखी आवाज विचारायचा, "अमक्या दुकानाची पाटी तुम्हीच लिहिली का?" मी म्हणायची, "हो हो, आमचंच काम! आवडलं का?" हे विचारल्याशिवाय मला चैनच पडायचं नाही. कुणाला आवडलं म्हणून कुणी सांगितलं, तर मला चार घास जास्त जायचे. फोन ठेवला, की मागच्या खोलीतून हे ओरडणार, "आवडलं का विचारलंस?" मला चिडवायला.

तर असाच एक फोन आला. दुपारची वेळ, मी भाजी निवडत होते. कोरडा आवाज. "बाजारामागच्या मोकळ्या जागेची भिंत तुम्हीच लिहिली का?"

"हो हो, आमचंच काम! आवडलं का?"

पलीकडे कागदावर काहीतरी लिहून घेतल्याचं ऐकू आलं. मग आवाज म्हणाला, "उद्या सकाळी दोघं पोलीस ठाण्यात या."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! तीन वर्षं मी स्वतःला एवढंच म्हणत आलेय.

झालं होतं ते असं. त्या जागेवरून दोन चुलत भावांचं भांडण. त्यातला धाकटा एका रविवारी आमच्याकडे आला. म्हणाला, भिंतीवर लिहायचंय, 'ही जागा आमच्या मालकीची आहे, आत शिरणाऱ्यावर कारवाई होईल.' हे गेले. भिंत घासली, पांढरा हात मारला, वाळू दिला, निळीत बुडवलेल्या दोरीने ओळी पाडल्या, खडूने अक्षरं बेतली आणि काळ्या रंगात लिहून संध्याकाळी घरी आले. जागा कुणाची, हे यांनी विचारलं नाही. का विचारावं? डॉक्टरची पाटी लिहिताना हे काय त्याची पदवी तपासतात? चार दिवसांनी थोरला भाऊ परगावाहून आला, भिंत वाचली आणि थेट ठाण्यात गेला. कुलूप तोडून आत शिरणं, जागा बळकावायचा कट, फसवणूक, सगळं लावलं. आरोपी कोण? धाकटा भाऊ, कुलूप तोडणारी त्याची दोन माणसं, आणि चौथा 'रेघ आर्ट्स'. म्हणजे नाव आणि नंबर स्वतःच्या हाताने भिंतीवर लिहून देणारा एकटा आमचा माणूस. पोलिसांनी त्या कोपऱ्याभोवती लाल रंगाने गोल काढला आणि फोटो घेतला. गोल वाकडा होता. ठाण्यात तो फोटो दाखवला, तेव्हा हे हवालदाराला म्हणाले, "हा कुणी काढला हो?" मी यांच्या पायावर पाय दिला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण खरी फाशी तिथे नव्हती. ती नगरपालिकेत होती.

आमच्या गावात गल्लीगल्लीच्या तोंडाशी जी नावाची पाटी आहे ना, निळ्यावर पांढरी अक्षरं, ती यांच्या हातची. वीस वर्षं. पालिकेकडे पेंटरांची एक यादी असते, त्या यादीत असेल त्यालाच रस्त्यांच्या पाट्या मिळतात. यांना दुकानांच्या कामाचं कौतुक नव्हतंच कधी. "दुकान बंद पडतं गं," म्हणायचे, "रस्ता कुठे जातो?" गुन्हा दाखल झाल्याचं कळल्यावर पंधरा दिवसांत यादीतून नाव गेलं. पालिकेतला कारकून म्हणाला, "केस संपली की या. आमची काही हरकत नाही."

केस संपली की! खालच्या कोर्टातली केस म्हणजे काय शाळेची परीक्षा आहे, मार्चमध्ये संपायला? आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "साक्षीपुरावे होऊन निकाल लागायला आठ-दहा वर्षं धरून चला." हे तेव्हा सत्तावन्नचे. आणि यांचा उजवा अंगठा गारठ्यात आखडायला लागला होता. सकाळी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसायचे, प्यायचे नाहीत, अंगठा शेकायचे. डॉक्टर म्हणाले होते, सांध्याचं दुखणं आहे, हळूहळू वाढणारच. दहा वर्षांनी निर्दोष सुटून हा माणूस काय अंगठ्याला लावणार होता तो निकाल?

माझे दीर, म्हणजे भाऊजी, फार व्यवहारी. त्यांनी कोर्टातल्या एका शिपायाला गाठून तोडगा आणला. "दादा, गुन्हा कबूल करून टाका. किरकोळ दंड होईल, एका तारखेत मोकळे व्हाल."

हे जेवत होते. म्हणाले, "काय कबूल करू?"

"जे काही असेल ते."

"मी अक्षरं काढली. ती कबूल आहेत. खाली लिहिलंयच."

"अहो, पण कशाला त्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

माझं डोकंच सणकलं. "भाऊजी, आम्ही चढलो नाही हो, आम्हाला ओढत नेलंय! आणि कबूल केलं की यादीतून नाव कायमचं गेलं, ते कोण भरून देणार? तुमचा शिपाई?" भाऊजी तरी जाताना यांच्या कानात पुन्हा तेच पुटपुटून गेले. ऐकलं मी.

मग वकीलबाईंनी वरच्या कोर्टाचा रस्ता सांगितला. म्हणजे तिथे अर्ज करायचा, की तक्रारीतला शब्दन् शब्द खरा धरला, तरी या माणसाने कसला गुन्हा केला असं दिसत नाही. तेव्हा खटला उभा राहायच्या आधीच यांच्यापुरता रद्द करा. मी म्हटलं, "असं करता येतं, तर मग सगळेच का नाही करत?" वकीलबाई हसल्या. "सगळेच करतात. म्हणून तर नंबर लागत नाही." आणि दोन ताकीदी दिल्या. केस संपेपर्यंत कुठल्याही कामाखाली नाव टाकायचं नाही. आणि फोनवर अनोळखी माणसाला काहीही कबूल करायचं नाही.

का, तर आरोपपत्रात माझं वाक्य आलं होतं! पान सात. 'आरोपीच्या पत्नीने फोनवर सदर काम आपलेच असल्याचे मान्य करून, ते आवडले का, अशी विचारणा केली.' मी वाचलं आणि ते कागद फाडून चुलीत घालावेसे वाटले. घालून उपयोग काय, ती झेरॉक्स होती.

झालं. गावभर शेकडो पाट्यांवर माझा नंबर, आणि फोन आला की मी म्हणणार, "राँग नंबर." अहो, हातात आलेलं गिऱ्हाईक मी स्वतःच्या तोंडाने परत पाठवत होते! एकदा एक बाई म्हणाली, "असं कसं, माझ्या समोरच लिहिलाय नंबर." मी म्हटलं, "चुकून लिहिला असेल." मागच्या खोलीत हे ब्रश धूत होते. ऐकलं असणारच. ओळखीतलं एखादं काम मिळायचं, ते करायचे. खाली उजवा कोपरा मात्र तेवढा मोकळा ठेवायचे, नावाला पुरेल एवढा.

वरच्या कोर्टात जायला पहाटेची बस. साडेतीन तास. तिथे एक लांब व्हरांडा आहे, त्यात बाकं, आणि दाराबाहेर त्या दिवसाच्या कामाची यादी चिकटवलेली. पहिल्या तारखेला आमचा नंबर बेचाळीस. जजसाहेब उठले एकोणचाळिसाव्यावर. दुसऱ्या तारखेला सरकारी वकिलांकडे कागद नव्हते. तिसऱ्यांदा कागद होते, सरकारी वकील नव्हते. चौथ्यांदा दोन्ही होते, तर साहेबांची बदली झालेली. मी म्हटलं, "आता पुढच्या खेपेला कोर्टाची इमारत तरी जागेवर असेल ना?" वकीलबाईंनी मला हळू बोलायला सांगितलं.

आणि यांचं लक्ष कुठे? त्या दाराच्या पाटीकडे! पाटीचा एक स्क्रू गेला होता, ती डावीकडे झुकलेली. प्रत्येक तारखेला हे तिच्याकडे एक डोळा मिटून बघत बसायचे. "तीन बोटं खाली आहे," म्हणायचे. मी म्हणायची, "अहो, आपलं काय चाललंय, तुमचं काय चाललंय!" पाचव्या तारखेला राहवेना, उठून पाटी सरळ करायला गेले. शिपाई खेकसला, "ओ काका, हात लावू नका! कोर्टाची वस्तू आहे." हे कान पाडून परत आले. घरी वाघ नसले तरी चारचौघांत इतकं बापुडं झालेलं मी यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या शिपायाचा मला असा राग आला, की डबा उघडलाच नाही. जेवण तसंच परत आणलं.

दोन वर्षं अशी गेली. मग एके दिवशी वकीलबाईंचा फोन. चुलत भावांची तडजोड झाली. जागा अर्धी-अर्धी वाटून घेतली, दोघांनी मिळून वरच्या कोर्टात लिहून दिलं, की आमचं काही भांडण उरलं नाही, गुन्हा रद्द करा. कोर्टाने केलासुद्धा. मला आनंदाने भोवळच यायची बाकी. "म्हणजे सुटलो आपण!"

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. "तडजोडीच्या कागदावर तिघांचीच नावं आहेत. रेघकाकांचं टाकायला विसरले."

विसरले! धाकट्याला मी फोन लावला. तो म्हणाला, "अरेच्चा, हो का? वहिनी, लक्षातच आलं नाही हो. बघतो मी." काय बघतो, डोंबल! आता खटल्यात कट करणारा एकच आरोपी उरला, आमचा माणूस. एकट्याचा कट. एकटा माणूस कट कुणाशी करतो, आरशाशी? त्या दिवशी हे पहिल्यांदा ताटावरून उठले. रागाने नाही, म्हणाले, "अगं, निदान भिंतीवर नाव लिहिलं होतं. वाचलं असतं तर आठवलं असतं." मग मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. सांगायला लाज कसली?

शेवटी आमचा नंबर लागला तो तीन वर्षं पुरी व्हायला महिना असताना. नंबर सहा. इतक्या लवकर लागेल असं वाटलंच नव्हतं, मी पाण्याची बाटली भरायला गेले होते, पळत आले. साहेब वयाने बरेच मोठे, चष्मा नाकाच्या टोकावर. सरकारी वकील उभे राहून म्हणाले, "गुन्ह्याच्या जागी आरोपीचं नाव आहे, नंबर आहे, शिवाय पत्नीने फोनवर कबुली दिली आहे."

साहेबांनी विचारलं, "कबुली काय दिली?"

आमच्या वकीलबाईंनी पान सातवरचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि मग माझे मूळ शब्द सांगितले. 'हो हो, आमचंच काम! आवडलं का?' अगदी माझ्या सुरात म्हटलं त्यांनी.

साहेबांनी चष्मा काढला. "हे 'आवडलं का' आरोपपत्रात आहे?"

"आहे, साहेब."

आधी पुढच्या खुर्च्यांवरचे वकील हसले. मग मागचे. मग टाइप करणारी मुलगी. तो दारावरचा शिपाईसुद्धा तोंडावर हात धरून हसला. साहेबही हसले. "जागा बळकावायचा कट करणारा माणूस खाली आपलं नाव लिहील का? आणि त्याची बायको पोलिसांना विचारेल का, की आवडलं का म्हणून?" पुन्हा हशा. सरकारी वकीलही हसत खाली बसले. चार-पाच मिनिटांत सगळं आटपलं. खटला यांच्यापुरता रद्द.

त्या वाक्यानेच आम्ही सुटलो, हे मला कळत होतं. वकीलबाईंनी माझा हात दाबला, त्यांचे उपकार जन्मभर विसरणार नाही. पण सगळे हसत होते तेव्हा मला वाटलं, भर रस्त्यात कुणी माझ्या डोक्यावरचा पदर ओढला. मी खाली मान घालून बसले. हे हसले नाहीत. खोलीभर तेवढे एकटेच हसले नाहीत.

बस स्टँडवरून येताना ती भिंत वाटेतच लागते. दोघा भावांनी ती नवी पांढरीशुभ्र करून घेतली होती. फक्त उजव्या कोपऱ्यात पोलिसांचा वाकडा लाल गोल तसाच, आणि त्यात 'रेघ आर्ट्स' आणि माझा नंबर. रंग लावणाऱ्याने पोलिसांची खूण म्हणून हात लावायचं धाडस केलं नसणार. एवढी लांबरुंद भिंत आणि तिच्यावर आमचंच नाव. हे बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "पांढरा हात नीट मारलाय त्याने."

निकालाची नक्कल मिळायला दीड महिना. ती घेऊन पालिकेत गेलो, तर कारकुनाने अर्ज पुढे केला. त्यात प्रश्न, 'तुमच्यावर कधी गुन्हा नोंदवला गेला आहे का? होय / नाही.'

मी म्हटलं, "नाही लिहा."

कारकून म्हणाला, "'कधी' विचारलंय, बाई. रद्द झाला म्हणजे आधी नोंदवला होता ना?"

"अहो, मग रद्द कशाला म्हणायचं त्याला? तीन वर्षं काय आम्ही तिथे गंमत बघायला जात होतो?" माझा आवाज इतका चढला, की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. हे शांतपणे पेन घेऊन खाली वाकले. आखडलेला अंगठा दुसऱ्या हाताने धरून त्यांनी 'होय' लिहिलं, आणि पुढे, 'रद्द. निकाल सोबत जोडला आहे.'

कारकून अर्ज उलटसुलट बघत म्हणाला, "वा! अक्षर छान आहे हो तुमचं."

"त्यासाठीच आलोय आम्ही!" मी म्हटलं.

तो म्हणाला, वर पाठवतो, काय ते फोनवर कळवू. फोन नंबर लिहायचा राहिला होता. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सांगितला.

त्यानंतर 'राँग नंबर' म्हणायची सोय उरली नाही. अनोळखी नंबर दिसला की उचलायचाच. पाच आठवडे झाले, काही नाही. मग परवा सकाळी वाजला. मी कणीक मळत होते, कोपराने उचलला. कोरडा आवाज. अगदी तसाच.

"रेघ आर्ट्स का? शाळेजवळच्या गल्ल्यांच्या जुन्या पाट्या तुम्हीच लिहिल्यात का?"

माझे हात पिठात तसेच राहिले. मागच्या खोलीतला ब्रश धुण्याचा आवाज थांबला होता. तोंडावर आलं होतं, राँग नंबर. गिळलं.

"हो," मी म्हटलं. "आमचंच काम."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज येत होता. मग आवाज म्हणाला, "पालिकेतून बोलतोय. नाव यादीत घेतलंय. नव्या वस्तीच्या बारा पाट्या आहेत, सोमवारी येऊन मापं घ्या." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

हे दारात येऊन उभे होते, हातातल्या ब्रशमधून पाणी टपकत होतं. मी सांगितलं. बारा पाट्या, सोमवारी. यांनी ब्रश फडक्यात गुंडाळला, सोडवला, पुन्हा गुंडाळला. अंगठा ताठ करून बघितला. तीन वर्षांत पहिल्यांदा यांच्या चेहऱ्यावर ते जुनं खट्याळ हसू आलं.

"मग?" म्हणाले. "आवडलं का विचारलंस?"

"नाही," मी म्हटलं, आणि कणीक मळायला घेतली.